आईची काळी चार

शनिवार पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात मी युकुलेले मागितलं, तेव्हा दुकानदाराने चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नातवासाठी का?"

मी सत्तेचाळीस वर्षांची होते. केस रंगवायचे सोडले होते, एवढाच काय तो माझा गुन्हा.

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"बरं. एकदा नेलेली वस्तू परत घेतली जात नाही," असं म्हणून त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर तेच लिहिलेलं होतं आणि खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

अशा माणसाकडून वस्तू घेतली की ती शिकावीच लागते. शिकले नसते तर त्याचा विजय झाला असता, आणि ते मला मुळीच परवडणारं नव्हतं. मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. खडकवासल्याच्या कालव्याला पाणी कधी सोडायचं याची पत्रं माझ्या टेबलावरून जातात. तिथे चोवीस वर्षं बसून मी एक गोष्ट पक्की शिकले, ती म्हणजे चिकाटी. माझं नाक वर असतं असं लोक म्हणतात. म्हणू देत.

सिंहगड रोडवर आमच्या घराजवळच एक क्लास होता, दर शनिवारी सकाळी. शिकवणारी मुलगी पंचविशीची आणि बाकी सगळी कॉलेजची पोरं. त्यांना ती "गाईज" म्हणायची आणि मला "मॅम". युकुलेले म्हणजे चार तारांचं, गिटारच्या पिल्लासारखं वाद्य. 'सी' वाजवायला एक बोट लागतं, 'एफ'ला दोन आणि 'जी'ला तीन. एका बोटाच्या जोरावर पहिले दोन शनिवार मी अगदी रुबाबात काढले. तिसऱ्या शनिवारी 'जी' आला आणि माझा सगळा रुबाब उतरला. तीन बोटं तीन ठिकाणी एकाच वेळी पडली पाहिजेत. माझी एकेक करून यायची, आमच्या कार्यालयात कर्मचारी येतात तशी.

क्लासचा एकच नियम होता. रोज घरी एक मिनिट वाजवायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ग्रुपवर टाकायचं. "परफेक्ट नको, गाईज. फक्त रोज हवं," असं ती मुलगी म्हणायची. मला ते पटलं नाही. ग्रुपवर जायचं तर चांगलंच जायला पाहिजे, नाहीतर जाऊच नये. म्हणून मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची, तीन-चार वेळा वाजवायची, त्यातलं एक पाठवायची आणि बाकीची तिथल्या तिथे पुसून टाकायची.

हे सगळं आईच्या देखत चालायचं. घरात आम्ही दोघीच. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला ती गवार मोडत बसायची आणि दुसऱ्या बाजूला माझा 'जी'.

आई महापालिकेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. पण आमच्या जुन्या वस्तीत तिला ओळखायचे ते गाण्यासाठी. वस्तीची गायन पार्टी होती. हार्मोनियम, ढोलकी, मागे दोन कोरसवाले आणि पुढे आई. आम्ही बौद्ध. जयंतीला स्टेज बांधलं की वंदनेनंतरचं पहिलं गाणं तिचंच असायचं. लग्नांतून आणि नामकरणांतून फर्माइशी यायच्या, तेव्हा रेडिओवर गाजलेली गाणीही ती म्हणायची. ती काळी चारमध्ये गायची, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तिचा 'सा'. पेटीवाल्याने चुकून दुसरा सूर धरला तर ती त्याला रागवायची नाही. गायचीच नाही. हात बांधून उभी राहायची आणि पाचशे माणसं तिच्यासोबत थांबायची. मग तो बिचारा खाली मान घालून काळी चार धरायचा.

मी दहा वर्षांची असताना तिने मला पेटीसमोर बसवलं होतं. आठ दिवसांत मी सांगून टाकलं की मला हे शिकायचं नाही, मैत्रिणी हसतात. तिने पेटीचं झाकण लावून टाकलं. पुढे पार्टी पांगली, पेटीवाला गेला, ढोलकीवाला मुलाकडे राहायला गेला, आणि आईने पेटी विहाराला देऊन टाकली. देताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. मला मात्र ते न बघणं अजून आठवतं.

माझं युकुलेले बघून ती म्हणाली होती, "पेटी नको म्हणालीस आणि हे खेळणं आणलंस होय?"

तिचा आवाज वर्षाच्या सुरुवातीपासून बसलेला होता. आम्ही सर्दी म्हणालो, मग धूळ म्हणालो, मग मेट्रोच्या कामाला शिव्या दिल्या. ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी मी तिला बळेच डॉक्टरकडे नेलं. त्याने नळी घालून तपासलं, तुकडा काढून पाठवला, आणि आठवड्याने आम्हाला समोर बसवून सांगितलं की गाठ वाईट आहे आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. ऑपरेशनला अठरा दिवस होते.

"आजी, घाबरू नका," डॉक्टर म्हणाला. "बोलण्यासाठी नंतर उपाय आहेत. यंत्र मिळतं, सराव करून घेतात."

"आजी नको, बाई म्हणा," आई म्हणाली. "आणि गाण्यासाठी काय मिळतं?"

डॉक्टरने समोरचे कागद सरळ केले. मग माझ्याकडे बघून म्हणाला की श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर वाट बघत बसू नका, तडक इथे घेऊन या.

रिक्षात आई बाहेर बघत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती. तिचा गातानाचा आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता. जयंतीच्या कार्यक्रमाच्या दोन कॅसेट होत्या, त्यांना बुरशी लागून त्या कधीच गेल्या होत्या. फोनमध्ये वाढदिवसांचे व्हिडिओ होते, पण त्यात ती टाळ्या वाजवते आणि "काप आता" म्हणते. आयुष्यभर जी बाई गायली तिचं गाणं आम्ही कुणी जपून ठेवलं नव्हतं. अठरा दिवसांनी ते या जगात कुठेच राहणार नव्हतं.

घरी आल्या आल्या मी म्हटलं, "आई, एक गाणं म्हण. मी रेकॉर्ड करते. आत्ता."

"साथीशिवाय?" तिने विचारलं. "उघडं गाणं मी कधी म्हटलंय का?"

"मग कुणाला तरी पेटीवर बोलावू."

"कुणालाही बोलवायचं नाही. हा घोगरा गळा मी लोकांना ऐकवणार नाही. माझ्या मागे म्हणतील, बाई शेवटी शेवटी बेसूर झाल्या होत्या."

मी हात टेकले. डोकं फिरल्यावर मी भांडी घासते, तशी घासायला घेतली. मागून तिचा आवाज आला, "तुझं ते खेळणं आहे ना? त्याच्यावर काळी चार निघते का?"

मी हात न पुसताच क्लासच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "निघेल मॅम, कॅपो लावा. पहिल्या पट्टीवर लावायचा आणि 'जी'मधून वाजवायचं." कॅपो म्हणजे वाद्याच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर तारा दाबून धरणारा चाप. चाप लागला की सगळ्या तारा अर्ध्या सुराने वर चढतात. म्हणजे दोन महिने ज्या 'जी'ला मी चुकवत होते, त्याच्यावरच आता पुन्हा पुन्हा यायचं होतं. त्यात दुसऱ्या ओळीला 'डी' होता. 'डी'ची तीन बोटं एकाच पट्टीत कोंबावी लागतात, आणि माझी बोटं आईच्या भाषेत भेंडीसारखी आहेत.

चाप आणायला मी पुन्हा शनिवार पेठेत गेले. "चाललंय का मग?" दुकानदाराने विचारलं. मी "हो" एवढंच म्हटलं. माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्याने पुढे टोमणा मारला नाही.

गाणं आईनेच निवडलं. जुनं, साधं, रेडिओवर लागलं की चहाच्या टपरीवरचा माणूसही गुणगुणतो असं. नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्हाला ते ज्या प्रसिद्ध गळ्यातून ऐकलंय त्या गळ्यातूनच ऐकू येईल, आणि मला तो गळा नको होता.

आईची अट एकच होती, पण ती काळ्या दगडावरची रेघ होती. गाणं बसल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. "तुझा गृहपाठ तू खुशाल रेकॉर्ड कर. माझं गाणं पक्कं झाल्यावरच. कच्ची भाकरी ताटात वाढतं का कुणी?"

आणि खरं सांगते, मलाही ते अगदी बरोबर वाटलं. आम्ही दोघी त्या बाबतीत एकाच मातीच्या. पक्कं झालं पाहिजे. कच्चं पुढे करायचं म्हणजे लाज. आता वाटतं, तिथेच आमचं चुकलं. पण तेव्हा तसं म्हणणाऱ्याला आम्ही दोघींनी मिळून घराबाहेर काढलं असतं.

सकाळी कार्यालयात जायच्या आधी एक तास आणि संध्याकाळी आल्यावर दोन तास, असा सराव सुरू झाला. बोटांची टोकं हुळहुळी झाली, मग कडक झाली. कार्यालयात जावक रजिस्टर लिहिताना माझा डावा हात टेबलाखाली 'जी' ते 'डी' करायचा. साहेबांनी एकदा विचारलं, "हाताला काही झालंय का?" मी म्हटलं, "व्यायाम आहे." घरच्या आजाराचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईचं फर्मानच होतं तसं.

सुरुवातीचे दिवस ती गात नव्हती, गळा राखत होती. मी वाजवायची आणि ती गवार, मेथी, काहीतरी निवडत ऐकायची. माझा फोन साखरेच्या डब्याला टेकलेला असायचाच, कारण क्लासचा गृहपाठ चुकवायचा नाही हा माझा बाणा. आणि माझं चुकलं रे चुकलं की आई बोलायची.

"चुकलं. परत घे."

"दुसऱ्या ओळीत पळतेस कुठे? गाडी चुकणार आहे का तुझी?"

"असं नाही गं. ऐक." आणि मग ती तेवढीशी ओळ म्हणून दाखवायची. घोगरी, तुटकी, वरच्या सुराला नुसती हवा. पण नेमकी काळी चारमध्ये.

आणि मी काय करायची? मी चिडायची. फोन चालू, एवढ्या खटपटीने 'जी' बरोबर लागलेला, आता 'डी'कडे निघालेली, आणि मधेच हिची बडबड. रेकॉर्डिंग वाया. मी ते पुसायची आणि नव्याने सुरू करायची. दिवसातून दोन-तीन वेळा तरी हे व्हायचं.

बाराव्या दिवशी गाणं आलं. म्हणजे पूर्ण नाही, पण मी तीन वेळा न थांबता शेवटपर्यंत पोचले. अटीप्रमाणे फोन बंद ठेवला होता. आई दोन ओळी सोबत गायली आणि दमून थांबली. पाणी प्यायली. "उद्या अजून नीट होईल. रविवारी सकाळी अकराला रेकॉर्ड करू. नीट साडी नेसून बसते," ती म्हणाली. मला म्हणावंसं वाटलं की आत्ताच करू या. जिभेवर आलं होतं. पण दुसऱ्या ओळीत माझं बोट अजून घसरत होतं, आणि तेवढंही घसरायला नको होतं मला. म्हणून मीही म्हटलं, "रविवार चालेल."

त्या दिवशी शुक्रवार होता.

शनिवारी दुपारी जेवणं उरकली. मी मागचं आवरून युकुलेले घेतलं, फोन डब्याला टेकवला. आई टेबलाशी होती. तिचा चेहरा ओढलेला दिसत होता, पण मी विचारलं नाही, विचारलं तर ती फटकारते. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीला माझा 'डी' पहिल्यांदा स्वच्छ वाजला, खरंच स्वच्छ, आणि आईने तोंड उघडलं, "हां, अशी...!"

"आई, तू गप्प बस ना जरा! दर वेळी काय मधे मधे!" मी ओरडले. "एक तर धड रेकॉर्ड होऊ दे!"

ती गप्प बसली. मेथीची जुडी तिने जवळ ओढली. मी फोनकडे हात केला, आधीचं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ती टेबलावर बोटाने ठेका देत होती, बाकी काही नाही. मी शेवटपर्यंत वाजवलं, एकही चूक न करता. मान वर केली तेव्हा तिचा ठेका थांबला होता आणि कुठूनतरी बारीक शिट्टी ऐकू येत होती. मला वाटलं, शेजारचा कुकर.

कुकर नव्हता.

पुढचं मला सलग आठवत नाही. तिचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर आवळलेले होते आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता. रिक्षा मिळाली. सिंहगड रोडवर शनिवार दुपारची गर्दी होती, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवता वाजवता ओरडत होता, "ओ, सरका की, पेशंट हाय!" मी तिची पाठ धरून बसले होते आणि एकच वाक्य बडबडत होते, आई श्वास घे, आई श्वास घे. जसं काही ती मुद्दामच घेत नव्हती.

हॉस्पिटलच्या दारातून तिला थेट आत नेलं. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला की गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागली, जीव वाचला आहे, आणि आता ऑपरेशनला ठरलेल्या तारखेपर्यंत थांबत नाही, सोमवारीच करू.

"आज त्या बोलू शकतील का?" मी विचारलं. मला विचारायचं होतं, गाऊ शकतील का.

"नळीमुळे आवाज फुटत नाही, ताई," तो म्हणाला.

म्हणजे झालं होतं ते. रविवारचे अकरा येणार नव्हते. तिच्या तोंडून निघालेला शेवटचा शब्द होता "अशी", आणि त्यावर मी तिला गप्प बसवलं होतं. मी त्या बाकावर बसून ढसाढसा रडले. शेजारच्या अनोळखी बाईने पाण्याची बाटली पुढे केली, ती मी घेतलीही नाही. मला माझा राग आला होता, इतका की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

सोमवारी ऑपरेशन झालं. सहा तास चाललं आणि व्यवस्थित झालं. मी तिचे रिपोर्ट फोनमध्ये टिपून ठेवत होते, तेव्हा फोनने तक्रार केली की जागा शिल्लक नाही. जागा करायची तर कचऱ्यातल्या फायली कायमच्या काढून टाकू का, असं त्याने विचारलं आणि खाली 'हो' असं लिहून आलं. माझं बोट त्या 'हो'वर गेलंसुद्धा होतं. तेवढ्यात नजर वरच्या ओळीवर पडली. पुसलेली रेकॉर्डिंग, त्रेसष्ट.

मी बोट असं उचललं की फोनच हातातून पडला.

मला माहीतच नव्हतं की पुसलेलं लगेच जात नाही. फोन ते तीस दिवस कचऱ्यात ठेवतो. प्रत्येकासमोर लिहिलेलं होतं, किती दिवस उरले. कुणाला बावीस, कुणाला अकरा, आणि सगळ्यात खालच्याला एक. त्याच्या आधीची गेली होती. मी एकेकावर बोट ठेवून परत आणत गेले. दोन वेळा चुकीचं बटण दाबता दाबता वाचले. परत आणलेलं लगेच लॅपटॉपवर घेतलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, सासरी असलेल्या बहिणीला पाठवलं. बहिणीने विचारलं, "हे काय आहे?" मी लिहिलं, "ऐकू नकोस. फक्त पुसू नकोस."

मी स्वतःही ते हॉस्पिटलमध्ये ऐकलं नाही. धीर झाला नाही.

आई घरी आली ती तिसऱ्या आठवड्यात. गळ्याखाली भोक, त्यावर पांढरी जाळीची पट्टी. श्वास तिथूनच आणि खोकलाही तिथूनच. लिहायला मी तिला फोन देऊ केला तर तिने मान हलवली आणि हवेत चौकोन काढला. मास्तरीणबाईंना खरीखुरी पाटी हवी होती. आणून दिली. त्यावर तिने सगळ्यात आधी काय लिहिलं? "चहात साखर कमी." मी मनात म्हटलं, आई परत आली.

चार-पाच दिवसांनी, संध्याकाळी, मी टेबलाशी बसून तिला सांगितलं. जे जे मी चुकलेलं म्हणून पुसलं होतं, ते सगळं परत मिळालंय. तुझा आवाज आहे त्यात. तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मला वाटलं, रागावेल. कच्चं गाणं, साथ धड नाही, आणि तेही तिची परवानगी न घेता. मग तिने बोटाने टेबलावर टकटक केलं. लाव.

मी तिच्या गाण्याच्या सरावातलं पहिलं लावलं. माझा 'जी', अडखळत. मग तिचा आवाज, "चुकलं. परत घे." दुसऱ्यात भाजी मोडल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा, आणि "गाडी चुकणार आहे का तुझी?" पाचव्यात ती म्हणते, "असं नाही गं. ऐक," आणि दुसरी ओळ पूर्ण म्हणते, घोगरी, वर हवा, पण सूर जिथल्या तिथे. तेवढी एकच ओळ आम्हाला त्रेसष्ट रेकॉर्डिंगमध्ये मिळून सोळा वेळा सापडली. पूर्ण गाणं कुठेच नाही. दुसरीच ओळ, कारण मी तिथेच चुकायची.

आणि प्रत्येक वेळी त्या ओळीच्या शेवटी मी आहे. "आई, थांब ना." "आई, रेकॉर्डिंग चालू आहे." "झालं, गेलं वाया!" एका ठिकाणी ती ओळीच्या अर्ध्यावर आहे आणि मी तिला तोडलंय. मी ते ऐकत बसले आणि मला वर बघवेना. फोन बंद करायला हात पुढे केला तर तिने माझं मनगट धरलं.

शेवटचं शनिवारचं होतं. स्वच्छ 'डी'. "हां, अशी...!" आणि मग माझं किंचाळणं, "आई, तू गप्प बस ना जरा!" मग मेथीची जुडी ओढल्याची खसखस. मग काही नाही.

"आई, मी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तिने पाटी ओढली, पेन्सिल घेतली आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, "बसले बघ गप्प."

आणि ती हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते आणि गळ्यावरची पट्टी फुरफुरत होती. मला हसू येईना. मी तिच्या मांडीत डोकं घातलं आणि रडले, मोठ्याने, लहान असताना रडायची तशी. माफ कर म्हणाले. किती वेळा म्हणाले माहीत नाही. तिने माझ्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या, शाळेतल्यासारख्या, हिशेबशीर. तिसरी थापटी जरा जोरात होती. म्हणजे पुरे.

मी डोकं वर केलं. तिने तळहाताने पाटी पुसली, पुन्हा काहीतरी लिहिलं, माझ्यासमोर सरकवली आणि उठून खिडकीतलं युकुलेले आणून माझ्या हातात दिलं. मग फोनकडे बोट केलं. पाचवं रेकॉर्डिंग. तिची ओळ असलेलं.

पाटीवर लिहिलं होतं, "दुसरी ओळ. परत."

मी पहिल्या पट्टीवर चाप लावला.